काउंट वाढलाय, म्हणजे नेमकं काय? मेंदूतल्या रक्तस्रावानंतर रक्तात दिसणाऱ्या दाहाच्या खुणा

मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाचा पहिला हिमोग्राम हाती येतो, तेव्हा घरच्यांची नजर आधी जाते ती ठळक छापलेल्या आकड्यांवर. एकूण पांढऱ्या पेशी १४,२००. त्यांच्यातल्या न्यूट्रोफिल ८६ टक्के. लिम्फोसाइट ८ टक्के. एका आकड्याशेजारी वर जाणारा बाण, दुसऱ्याशेजारी खाली येणारा. "काउंट वाढलाय, इन्फेक्शन झालंय का?" हा पहिला प्रश्न. हल्ली पाठोपाठ दुसराही येतो, कारण तोवर कुणीतरी फोनवर शोधलेलं असतं: "हा न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचा रेशो दहाच्या वर गेला की पेशंट वाचत नाही म्हणे, खरं आहे का?"

पहिल्या दिवशी तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "नाही" असतं. दुसऱ्याचं उत्तर "असं कुणालाच ठरवून सांगता येत नाही" हे आहे. वरचे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असा कागद अनेक घरांच्या वाट्याला येतो आणि तो चुकीचा वाचला गेला की विनाकारण धास्ती बसते, कधी आशाच सोडून दिली जाते. म्हणून हा कागद कसा वाचायचा ते सावकाश पाहू.

स्ट्रोक मुख्यतः दोन तऱ्हांचा. रक्तवाहिनी तुंबून मेंदूच्या एखाद्या भागाचा पुरवठा थांबतो तो एक, आणि वाहिनी फुटून रक्त बाहेर येतं तो दुसरा, म्हणजे आपण ज्याला ब्रेन हॅमरेज म्हणतो तो. २०१९ सालच्या जागतिक आकडेवारीत नव्या स्ट्रोकपैकी सुमारे २८ टक्के मेंदूच्या आत रक्तस्राव झाल्याचे होते, आणि आणखी सुमारे १० टक्के मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरल्याचे. मेंदूच्या आत रक्तस्राव झालेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के माणसं महिन्याभरात दगावतात. बहुतेकांमागे वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब असतो. उतारवयात अमायलॉइड नावाचं प्रथिन साठून ठिसूळ झालेल्या वाहिन्या आणि रक्त पातळ करणारी औषधं ही आणखी दोन कारणं.

आता शब्दांचा एक घोळ आधीच सोडवून टाकते. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना "सूज" म्हणतो. एक म्हणजे पेशींच्या आत-बाहेर पाणी साठून भाग फुगणं. दुसरी म्हणजे इजा झाल्यावर शरीराची संरक्षण यंत्रणा जी धावपळ करते ती, तिला "दाह" म्हणणं बरं. लाली, फुगवटा, ऊब आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली होती. मुरगळलेल्या घोट्यात ती चारही डोळ्यांनी दिसतात. मेंदूत यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. पाण्याची सूज सीटी स्कॅनवर दिसते, दाह मात्र तिथेही दिसत नाही. त्याचा माग घ्यायला रक्त तपासावं लागतं.

रक्त वाहिनीबाहेर आलं की

स्कॅनवर दिसणारी रक्ताची गाठ किती मोठी आहे याला डॉक्टर फार महत्त्व देतात. ३० मिलिलिटर हा त्यांच्या हिशेबातला एक टप्पा आहे. ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे. एवढंसं रक्त कवटीच्या बंद पेटीत आजूबाजूचा मेंदू दाबतं, धागे ताणतं, तोडतं. ही पहिली इजा, आणि ती मिनिटांत किंवा काही तासांत होऊन जाते. काही जणांत पहिल्या २४ तासांत गाठ आणखी वाढते, म्हणून सुरुवातीचे तास अतिशय मोलाचे.

दुसरी इजा हळू चालते, आणि दाहाची खरी कहाणी तिथे आहे. सांडलेलं रक्त गोठवायला थ्रॉम्बिन तयार होतं. ते स्राव थांबवायला हवंच असतं, पण जास्त प्रमाणात ते मेंदूच्या पेशींना आणि रक्त व मेंदू यांच्यामधल्या पडद्याला त्रासदायक ठरतं. पडदा झिरपू लागतो, गाठीभोवती पाणी साठतं. पुढच्या काही दिवसांत गाठीतल्या लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन मोकळं होतं. त्याच्यातून हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह धरून ठेवणारा भाग, आणि हीममधून लोह. सरसकट हिशेब केला तर ३० मिलिलिटर रक्तात साधारण ४ ग्रॅम हिमोग्लोबिन, आणि दर ग्रॅममागे ३.४ मिलिग्रॅम या दराने त्यात सुमारे १४ मिलिग्रॅम लोह. सबंध शरीराच्या दृष्टीने हे काहीच नाही. पण मेंदूच्या एका कोपऱ्यात मोकळं सुटलेलं एवढं लोह आजूबाजूच्या पेशींची आवरणं अक्षरशः गंजवतं.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. फुटक्या पेशींमधून बाहेर पडलेले पदार्थ हे त्यांच्यासाठी धोक्याचे इशारे. जंतू एकही नसतो, तरी जंतू आल्यावर वाजते तीच घंटा वाजते. मायक्रोग्लिया जाग्या होतात, इंटरल्यूकिनसारखी निरोप देणारी रसायनं सोडतात. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी तिथे पोचू लागतात, साधारण तीन दिवसांपर्यंत त्यांची गर्दी वाढते. मागोमाग मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात आणि सफाई करणाऱ्या मॅक्रोफेजमध्ये बदलतात.

हा दाह नुसता शत्रू आहे असं समजू नका. सांडलेलं रक्त उचलून न्यायचं काम याच पेशी करतात. त्या नसत्या तर गाठ विरघळायला, जागा साफ व्हायला वाट उरली नसती. आधी येणाऱ्या पेशी विध्वंस जास्त करतात, नंतरच्या सावरतात, असं ढोबळमानाने म्हणता येईल. प्रत्यक्षात दोन्ही कामं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि म्हणूनच सरसकट दाह दाबून टाकणारी औषधं इथे फसतात. त्याबद्दल पुढे.

काउंट का वाढतो

आता पुन्हा त्या कागदाकडे वळू. रक्तस्राव मेंदूत झाला, मग हातातून काढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी का वाढल्या?

कारण मेंदूवर घाला आला की सगळ्या शरीराला हाक जाते. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं झपाट्याने वाढतात. एरवी आपल्या रक्तातल्या निम्म्या-शिम्म्या न्यूट्रोफिल पेशी प्रवाहात नसतातच, त्या वाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. ताणाची हाक आली की त्या भिंत सोडून प्रवाहात येतात, शिवाय अस्थिमज्जेतली राखीव कुमक बाहेर पडते. एकही नवा जंतू न येता काही तासांत काउंट चढतो. त्याच वेळी कॉर्टिसॉलमुळे लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात, काही मरतात. एक आकडा वर, दुसरा खाली. कागदावरच्या दोन बाणांचं कारण हेच.

या दोन्ही हालचाली एका आकड्यात पकडायच्या तर न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं. हाच तो एनएलआर, म्हणजे सगळे ज्याला "रेशो" म्हणतात तो. २००१ साली स्लोव्हाकियातल्या झाहोरेक या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी ही सोपी मोजणी सुचवली. वेगळी तपासणी लागत नाही, साध्या हिमोग्रामवरून घरीही काढता येतो. आपल्या उदाहरणात ८६ भागिले ८, म्हणजे १०.७५. टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष संख्या घेतल्या तरी तेच: १४,२०० पैकी १२,२१२ न्यूट्रोफिल, १,१३६ लिम्फोसाइट, भागाकार पुन्हा १०.७५. निरोगी माणसात हा आकडा साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो.

भागाकाराचा फायदा असा की हल्ला आणि खच्चीकरण दोन्ही त्यात उतरतात. तोटाही तोच. रेशो वाढला तो न्यूट्रोफिल चढल्यामुळे की लिम्फोसाइट कोसळल्यामुळे, हे नुसत्या भागाकारावरून कळत नाही. म्हणून मी तरी आधी मूळ दोन आकडे पाहावेत असंच सांगेन. आणि रुग्णाला आधीपासून स्टेरॉइड चालू असतील तर हा सगळा हिशेब बिघडतो, कारण स्टेरॉइड नेमकं हेच करतात: न्यूट्रोफिल वाढवतात, लिम्फोसाइट घटवतात.

रक्तस्रावाच्या रुग्णांमध्ये या रेशोवर गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच काम झालं आहे. दाखल होताना किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत तो जितका चढा, तितकी तीन महिन्यांनंतरची स्थिती सरासरीने वाईट, हा धागा पुन्हा पुन्हा सापडतो. "सरासरीने" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मोठी गाठ मोठा ताण देते, मोठा ताण रेशो वाढवतो. त्यामुळे रेशो काही अंशी गाठीच्या आकाराचीच सावली असतो. गाठ, वय, शुद्धीची पातळी हे सगळं धरूनही त्यात थोडी स्वतःची माहिती उरते, असं अभ्यास सांगतात. ती शेकडो रुग्णांच्या गटाबद्दलची माहिती आहे. समोरच्या एका माणसाच्या बाबतीत "दहाच्या वर" अशी कुठलीही लक्ष्मणरेषा नाही. वेगवेगळ्या अभ्यासांनी वेगवेगळे उंबरठे काढले, यावरूनच काय ते कळावं.

एक चक्रावणारी गोष्टही सांगायला हवी. गाठ वाढण्याचा धोका पाहिला, तेव्हा काही संशोधकांना न्यूट्रोफिल जास्त असलेल्यांमध्ये ती कमी वाढल्याचं दिसलं, आणि मोनोसाइट जास्त असलेल्यांमध्ये अधिक. न्यूट्रोफिल रक्त गोठायला हातभार लावतात, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. म्हणजे पुढच्या दिवसांसाठी वाईट वाटणारा आकडा पहिल्या तासांत कदाचित उपयोगीही असतो.

सीआरपी आणि घड्याळ

दुसरी नेहमीची तपासणी सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. ते यकृतात बनतं, आणि ते बनवायचा हुकूम मुख्यतः इंटरल्यूकिन-६ कडून येतो.

सीआरपी वाचताना घड्याळ पाहायलाच हवं. इजा झाल्यावर ते रक्तात वाढायला साधारण ६ तास लागतात, दोन दिवसांच्या आसपास ते शिखर गाठतं. कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मं होत जातं. आता विचार करा. रक्तस्राव होऊन दोनच तास झालेत आणि सीआरपी मोठं आलं, तर ते या रक्तस्रावामुळे असूच शकत नाही. ते आधीच्या कशामुळे तरी आहे: एखादा दबलेला संसर्ग, संधिवातासारखा जुना दाह. किंवा रुग्ण रात्रीच पडला होता आणि घरच्यांना सकाळी कळलं, म्हणजे दोन तासांचा हिशेबच चुकलेला. उलट तिसऱ्या दिवशी थोडं वाढलेलं सीआरपी अपेक्षितच. ते तिसऱ्या दिवसानंतर उतरायला लागलं तर चांगलं, उतरता उतरता पुन्हा चढलं तर कारण शोधायलाच हवं. इटलीतल्या संशोधकांच्या एका अभ्यासात सुरुवातीलाच सीआरपी १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असलेल्यांमध्ये गाठ वाढण्याचं आणि प्रकृती खालावण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं.

ज्याच्या हुकमाने सीआरपी बनतं ते इंटरल्यूकिन-६ थेटही मोजता येतं. ते लवकर वाढतं, गाठीभोवतीच्या सुजेशी त्याचं नातं दिसतं. संशोधनात ते फार मोलाचं आहे, रोजच्या उपचारात मात्र अजून त्यावरून निर्णय घेतले जात नाहीत. ईएसआरबद्दल थोडक्यात: उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात याची ही जुनी मोजणी. ती सावकाश बदलते, वय आणि रक्तक्षय यांनीही हलते. पहिल्या आठवड्याच्या धामधुमीत तिच्यावरून फारसं काही कळत नाही.

इन्फेक्शनचा प्रश्न

लिम्फोसाइट घटले, याचा दुसरा अर्थही आहे. मेंदूला जबर इजा झाली की शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते. त्यात अर्धांगामुळे नीट गिळता येत नाही, लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत उतरतं. या दोन्ही गोष्टी जुळून येतात आणि पहिल्या आठवड्यात न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून तोंडाने काही देण्यापूर्वी गिळण्याची चाचणी करतात. घरच्यांनी मायेने ओठाला लावलेलं घोटभर पाणीही त्या वेळी घातक ठरू शकतं, हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

मग काउंट वाढलाच आहे तर आधीच अँटिबायोटिक का देऊन ठेवू नये? हा विचार वाजवी होता, म्हणून तो तपासला गेला. २०१५ साली नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. स्ट्रोकच्या रुग्णांना खबरदारी म्हणून आधीच अँटिबायोटिक दिल्याने नेदरलँड्समधल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती सुधारली नाही, आणि ब्रिटनमधल्या, गिळायला त्रास असलेल्या रुग्णांत न्यूमोनियाही कमी झाला नाही. त्यामुळे आता संसर्गाचा पुरावा शोधतात: ताप, कफ, छातीचा एक्स-रे, ऑक्सिजनची पातळी. शंका असेल तिथे प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातलं आणखी एक प्रथिन मदतीला येतं, कारण ते जिवाणूंच्या संसर्गात ठळकपणे वाढतं आणि नुसत्या मेंदूच्या इजेने सहसा फारसं हलत नाही. एकटं तेही निर्णायक नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर उतरणीला लागलेला काउंट अचानक वळून वर गेला, तर मात्र "इन्फेक्शन झालंय का?" हा प्रश्न अगदी योग्य असतो.

दाह आहे, तर तो दाबत का नाहीत

हा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो. १९८७ साली थायलंडमधल्या डॉक्टरांनी डेक्सामिथाझोन हे दाह दाबणारं स्टेरॉइड रक्तस्रावाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. ९३ रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. जीव वाचण्यात फरक नव्हता, आणि संसर्ग, साखर वाढणं यांसारखे त्रास स्टेरॉइड घेतलेल्यांत कितीतरी जास्त होते. आजही मेंदूच्या आतल्या रक्तस्रावात स्टेरॉइड देऊ नयेत असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. मोकळं लोह पकडणारं डिफेरॉक्झामिन हे औषध मोठ्या आशेने तपासलं गेलं. २०१९ मध्ये निकाल आला, तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत अपेक्षित फायदा दिसला नाही. ठरावीक पेशींना किंवा ठरावीक निरोपालाच अडवणाऱ्या औषधांवर काम चालू आहे.

पण हातावर हात धरून बसायचं कारण नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-३ या १० देशांतल्या ७,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत चार साध्या गोष्टी एकत्र आणि लगेच केल्या गेल्या. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणं, साखर काबूत ठेवणं, ताप उतरवणं, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं. एवढ्याने सहा महिन्यांनंतरची प्रकृती सरासरीने सुधारली, मृत्यू कमी झाले. यात दाहावरचं नवं औषध एकही नव्हतं.

आता फोनवर वाचलेल्या त्या रेशोकडे परत येते. पहिल्या दिवशीच्या वाईट आकड्यांवरून आशा सोडली आणि उपचार आखडते घेतले, तर रुग्ण दगावतो आणि आकडा "खरा" ठरतो. हा धोका खरा आहे, डॉक्टरांनी तो ओळखलाही आहे. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की रुग्णाने आधी तशी इच्छा सांगून ठेवलेली नसेल, तर जीवरक्षक उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय किमान दुसरा पूर्ण दिवस होईपर्यंत पुढे ढकलावा. तोवर पूर्ण ताकदीने उपचार करावेत. रेशो १०.७५ असलेल्या कागदालाही हे लागू आहे. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर "आकडा किती?" याऐवजी "कालपेक्षा कुठे चाललाय, आणि शुद्ध व स्कॅन काय सांगतायत?" असं विचारा.

समजा त्याच रुग्णाचा सातव्या दिवसाचा कागद आला. एकूण पेशी ९,४००, न्यूट्रोफिल ७०, लिम्फोसाइट २१. रेशो ३.३. बाण जवळजवळ नाहीसे झालेत, घरच्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यानंतर पहिल्यांदा थोडा जीव येतो. त्याच सकाळच्या स्कॅनवर मात्र गाठीभोवतीचं पाणी तिसऱ्या दिवसापेक्षा जास्त दिसतं. रक्त सुधारतंय आणि मेंदू बिघडतोय, असा हा विरोधाभास नाही. ताणाची लाट ओसरली, पण लाल पेशी फुटून लोह मोकळं होणं अजून चालूच आहे. गाठीभोवतीची सूज पहिल्या तीन दिवसांत वेगाने वाढते आणि नंतरही हळूहळू एक-दोन आठवडे चढत राहू शकते. म्हणून आकडे छान आले तरी डॉक्टर "आणखी थोडे दिवस लक्ष ठेवू" म्हणतात, आणि रात्री दर काही तासांनी कुणीतरी रुग्णाच्या बाहुल्यांवर टॉर्च मारून पाहत असतं.